लाउडन काउंटीतली जुनी गावं: दर उन्हाळ्यात पाहुणे विचारतात ते प्रश्न

व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला आमचं घर आहे. मे महिना लागला की आजूबाजूला कुणाचे ना कुणाचे आईवडील भारतातून येतात. पहिल्या आठवड्यात व्हाइट हाउस आणि म्युझियमं होतात, दुसऱ्यात दुकानं होतात, आणि तिसऱ्यात कुणीतरी काका खिडकीशी बसून म्हणतात, "इथे रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं!" मग मी त्यांना गाडीत घालते आणि आमच्याच लाउडन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पश्चिमेकडच्या ग्रामीण भागात नेते. वाटेत प्रश्न दरवर्षी तेच असतात. यंदा उत्तरं लिहूनच ठेवली.

लाउडन काउंटी ग्रामीण कशी? इथे तर सगळीकडे डेटा सेंटरं आहेत!

काउंटी एकच, पण तिचे दोन तुकडे आहेत. पूर्वेकडे डलेस विमानतळ, ॲशबर्न, मेट्रोचं शेवटचं स्टेशन आणि बिनखिडक्यांची डेटा सेंटरं. आपली बहुतेक मराठी मंडळी राहतात ती या बाजूला. लीसबर्ग ओलांडलं की तासाभरात देश बदलल्यासारखं वाटतं: दगडी कुंपणं, घोडे, मक्याची शेतं, द्राक्षमळे, आणि समोर ब्लू रिजची निळसर रांग. काउंटी स्थापन झाली १७५७ साली, फेअरफॅक्स काउंटीतून फुटून. उत्तरेला पोटोमॅक नदी आहे, पश्चिमेला डोंगर.

अडीचशे-तीनशे वर्षं म्हणजे काय जुनं? आमच्या वाईचे घाट बघा!

हा प्रश्न प्रत्येक काका विचारतात आणि विचारताना गालात हसतात. उत्तर असं: वॉटरफर्ड हे इथलं सगळ्यात नावाजलेलं जुनं गाव. एमॉस जॅनी नावाच्या माणसानं ते १७३३ च्या सुमाराला वसवलं. शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली जानेवारी १७३२ मध्ये. म्हणजे पुण्यात बाजीराव नव्या वाड्यात राहायला गेले, त्याच सुमारास इकडे पेनसिल्व्हेनियातून आलेलं एक कुटुंब ओढ्याकाठी झाडं तोडत होतं. वाड्याचे आता तट, दरवाजे आणि जोती उरलीत. वॉटरफर्डच्या जुन्या घरांत अजून संध्याकाळी दिवे लागतात. जुनं किती, यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पण काकांना पटतंच असं नाही.

हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट म्हणजे नक्की काय? पाटी लावली की झालं?

डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, जुना म्हणून जपलेला भाग. हे नीट समजून घ्यावं, कारण इथले लोकही यात गोंधळतात.

एक आहे राष्ट्रीय नोंदवही, म्हणजे नॅशनल रजिस्टर. १९६६ च्या कायद्यानं ती सुरू झाली. साधारण पन्नास वर्षांपलीकडची इमारत, किंवा इमारतींचा अख्खा समूह, महत्त्वाचा ठरला तर त्याची तिथे नोंद होते. हा मान आहे, बंधन नाही. मालकानं स्वतःच्या पैशानं घर पाडायचं ठरवलं, तर ही नोंद त्याला अडवू शकत नाही. मात्र संघराज्य सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारं काम असेल, रस्ता म्हणा, पूल म्हणा, तर त्या खात्याला आधी विचार करावा लागतो की या जागेवर काय परिणाम होईल.

खरं बंधन येतं ते काउंटीच्या किंवा गावाच्या नियमानं. काउंटीनं वॉटरफर्ड, गूस क्रीक, ऑल्डी, ब्लूमाँट, टेलर्सटाउन, ओटलंड्स अशा भागांना आपलं संरक्षण दिलं आहे. तिथे बाहेरून दिसणारा बदल करायचा तर समितीकडून मंजुरी घ्यावी लागते. लीसबर्ग आणि मिडलबर्ग ही स्वतंत्र गावं आहेत, त्यांच्या समित्या वेगळ्या.

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं डिस्ट्रिक्ट म्हणजे चार जुनी घरं आणि एक रस्ता. वॉटरफर्डला १९७० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा, म्हणजे सगळ्यात वरचा, दर्जा मिळाला. त्याची हद्द सुमारे १,४०० एकरांची आहे. गाव तर पायी वीस मिनिटांत संपतं! उरलेली सगळी जमीन म्हणजे शेतं, कुरणं, ओढा आणि झाडी. गूस क्रीकची हद्द तर याच्या कितीतरी पट, सुमारे दहा हजार एकर. म्हणजे इथे वारसा म्हणून जपलंय ते घर आणि घरातून दिसणारं शेत, दोन्ही. गावकुसाबाहेर बंगल्यांची वसाहत उठली, तर एकाही घराची वीट न हलता गाव संपेल, हे त्या लोकांनी ओळखलं. मला या काउंटीत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

ही गावं वसवली कुणी?

तीन प्रकारची माणसं तीन दिशांनी आली, आणि घरांवरून ते अजून ओळखू येतं.

मधल्या पट्ट्यात, वॉटरफर्ड आणि लिंकन या बाजूला, क्वेकर आले. हा ख्रिस्ती पंथ साधं राहणारा, शस्त्र न उचलणारा. त्यांच्या प्रार्थनाघरात वेदी नसते, व्यासपीठ नसतं, सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. घरंही तशीच: दगड किंवा वीट, सरळ भिंत, नक्षी नाही. लिंकनमधलं त्यांचं दगडी प्रार्थनाघर १७६५ चं आहे. हे गाव आधी गूस क्रीक म्हणून ओळखलं जाई. नंतर त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं नाव घेतलं. लिंकनविरुद्ध लढलेल्या व्हर्जिनियासारख्या दक्षिणेच्या राज्यात हे नाव घ्यायला छाती लागते.

उत्तरेला लव्हेट्सव्हिलच्या बाजूला जर्मन शेतकरी आले. त्यांची ओंडक्यांची घरं आणि नेटकी लहान शेतं. दक्षिणेला मिडलबर्ग, ओटलंड्सच्या बाजूला समुद्राकाठच्या व्हर्जिनियातले इंग्रज जमीनदार आले, मोठ्या इस्टेटी आणि गुलाम माणसं घेऊन. दक्षिणेच्या बाजूला खांबांचे व्हरांडे आणि बागा दिसतात, क्वेकर आणि जर्मनांच्या बाजूला धान्याची कोठारं.

घर बघून ते कधीचं हे कसं ओळखायचं?

आमच्या एका आत्यांना हा खेळ इतका आवडला की त्या गाडी थांबवायला लावायच्या.

सगळ्यात आधीची घरं ओंडक्यांची. चौकोनी तासलेले ओंडके एकावर एक, मधल्या फटींत दगडाच्या कपच्या आणि चुना. पण ओंडके सहसा दिसत नाहीत, कारण पुढच्या पिढीनं वरून फळ्या ठोकल्या. खिडकीची चौकट खोल दिसली, भिंत जाड वाटली, तर आत ओंडके असण्याचा संभव.

मग दगडी घरं. शेतातून निघालेले दगड, घडीव नसलेले, कोपऱ्यांना मात्र मोठे निवडून लावलेले. दोन्ही टोकांना धुराडी.

विटांच्या घरात विटा कशा रचल्यात ते पाहा. दर्शनी भिंतीत एक वीट लांबीनं आणि शेजारची तोंडानं, अशी एकाआड एक रचना दिसली तर घर जुनं, बहुधा अठराव्या शतकाच्या शेवटाचं किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीचं. या रचनेला फ्लेमिश म्हणतात. ती महाग, म्हणून पुष्कळांनी फक्त रस्त्याकडची भिंत तशी केली आणि बाजूच्या साध्या ठेवल्या. दर्शनी भागावर खर्च आणि मागे काटकसर, हे काही आपल्याला शिकवायला नको.

दारावर अर्धवर्तुळाकार पंख्यासारखी काच, खिडक्या एका रेषेत, सगळं मोजूनमापून सारखं असेल तर ती फेडरल शैली. लीसबर्गच्या किंग स्ट्रीटवर भरपूर दिसेल. आणि घराला गोल ओसरी, मनोरा, कोरीव लाकडी झालर, चढउताराचं छप्पर असेल, तर ती राणी ॲनच्या नावानं ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची शैली. ती दिसली की समजायचं इथून रेल्वे जात होती. पर्सेलव्हिल आणि राउंड हिल बघा. डोंगरापायथ्याचं स्निकर्सव्हिल तर रेल्वे १९०० मध्ये पोचल्यावर ब्लूमाँट झालं, वॉशिंग्टनच्या लोकांना उन्हाळ्यात हवा खायला बोलावण्यासाठी. त्या रेल्वेची आता सायकलवाट झाली आहे, पर्सेलव्हिलपर्यंत ४५ मैलांची.

धान्याचं कोठार टेकडीत घुसवल्यासारखं का बांधलंय?

हे बघायला मी मुद्दाम थांबते. या कोठारांना इथे बँक बार्न म्हणतात. पैशांच्या बँकेशी काही संबंध नाही, बँक म्हणजे इथे उताराची कड. पेनसिल्व्हेनियाहून आलेली युक्ती आहे. उतारात खणून खालचा मजला दगडाचा बांधायचा, त्यात गाई-घोडे. वरचा मजला लाकडाचा, आणि टेकडीच्या बाजूनं तो थेट जमिनीला लागलेला. म्हणजे गवतानं भरलेली गाडी घोड्यांसकट सरळ वरच्या मजल्यात जाते, आणि चारा वरून झरोक्यातून खाली गोठ्यात टाकता येतो. खालच्या मजल्याची मागची बाजू मातीत, त्यामुळे थंडीत ऊब. शिडी नाही, डोक्यावर भारा नाही. आमचे एक काका कोकणातले, ते अर्धा तास बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या उताराला हे कुणाला सुचलं नाही!"

पण लाकडी भाग पुष्कळदा १८६४ नंतरचा आणि खालची दगडी जोती त्याआधीची, असं का? यादवी युद्धात, म्हणजे गुलामगिरी सोडायला तयार नसलेली दक्षिणेची राज्यं उत्तरेशी लढली त्यात, मॉस्बी नावाच्या दक्षिणेच्या सेनानीचे स्वार या भागात लपत आणि उत्तरेच्या फौजेला छळत. त्यांना दाणापाणी मिळू नये म्हणून नोव्हेंबर १८६४ च्या अखेरीस उत्तरेच्या घोडदळानं पाच दिवसांत इथली कोठारं, गिरण्या, गवताच्या गंजी जाळून टाकल्या. क्वेकर उत्तरेच्या बाजूचे. त्यांचीही जाळली. युद्ध संपल्यावर लोकांनी त्याच दगडी जोत्यांवर पुन्हा लाकूड उभं केलं. काही ठिकाणी दगडावरच्या काळ्या खुणा मी पाहिल्यात, पण त्या आगीच्याच की शंभर वर्षांच्या धुळीच्या, हे छातीठोक सांगणार नाही.

वॉटरफर्ड इतकं जसंच्या तसं कसं राहिलं?

गरिबीनं. रेल्वे लीसबर्गला आली, पुढे पर्सेलव्हिलकडे गेली, पण वॉटरफर्डला आलीच नाही. गिरण्या मंदावल्या, तरुण गेले, जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही. १९३० च्या दशकात चेंबरलिन नावाच्या दोघा भावांनी पडकी घरं विकत घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली. १९४३ मध्ये गावकऱ्यांनी वॉटरफर्ड फाउंडेशन काढलं, आणि पुढच्याच वर्षी हस्तकलेची जत्रा भरवली. अशा जत्रेच्या उत्पन्नावर पुढे पुष्कळ घरं आणि जमिनी वाचल्या. ज्या गावावरून विकास वळसा घालून गेला, तेच आज बघण्यासारखं उरलं.

युद्धात गाव कुणाच्या बाजूनं होतं?

व्हर्जिनिया राज्य दक्षिणेच्या बाजूनं, वॉटरफर्ड उत्तरेच्या. इथल्या गिरणीमालक सॅम्युअल मीन्स यांनी लाउडन रेंजर्स नावाचं घोडपथक उभं केलं, उत्तरेसाठी लढणारं. २७ ऑगस्ट १८६२ ला पहाटे गावातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये हे पथक असताना दक्षिणेच्या स्वारांनी त्यांना घेरलं. चर्चच्या विटांत गोळ्यांची भोकं अजून आहेत, बोट घालून बघता येतात. समोरासमोर लढणाऱ्यांत शेजारी होते, आणि एक सख्ख्या भावांची जोडीही होती.

पण मला आवडते ती दुसरी गोष्ट. १८६४ मध्ये लिडा आणि लिझी डटन या बहिणी आणि त्यांची मैत्रीण सॅरा स्टीअर, तिघी क्वेकर मुली, यांनी उत्तरेच्या बाजूनं एक छोटं वर्तमानपत्र काढलं, शत्रूच्या प्रदेशात बसून. छापून यायचं बाल्टिमोरहून. आठ अंक निघाले. विनोद, चिमटे, लग्नाळू सैनिकांच्या टिंगली, सगळं त्यात. सॅरा स्टीअरचं नाव लक्षात ठेवा, पुढे येईल.

गुलामगिरीचा इतिहास कुठे दिसतो? की फक्त सुंदर घरं दाखवतात?

बरोबर प्रश्न. पूर्वी फक्त सुंदर घरं दाखवत. ओटलंड्सची हवेली जॉर्ज कार्टर यांनी १८०४ मध्ये बांधायला घेतली. खांब, पायऱ्यापायऱ्यांची बाग, सगळं देखणं आहे. १८६० साली त्या इस्टेटीवर १३३ गुलाम माणसं होती, काउंटीत सर्वांत जास्त. विटा, भिंती, बागेचे टप्पे, यांमागे त्यांचे हात आहेत, आणि आता तिथे ते सांगतात.

वॉटरफर्डला सेकंड स्ट्रीटवर एक खोलीची पांढरी शाळा आहे, १८६७ ची. गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी कृष्णवर्णीय गावकरी आणि क्वेकर यांनी मिळून उभारली. पहिली शिक्षिका कोण? वर्तमानपत्रवाली सॅरा स्टीअर.

आणि हे आमच्या अगदी जवळचं: ॲशबर्नमध्ये रस्त्यालगत १८९२ ची कृष्णवर्णीय मुलांची शाळा आहे. भोवती सगळी नवी घरं, त्यामुळे मी तिच्यावरून कितीदा तरी न बघता गेले. २०१६ मध्ये काही पोरांनी तिच्या भिंतींवर द्वेषाची चिन्हं रंगवली. न्यायालयानं शिक्षा म्हणून त्यांना पुस्तकं वाचायला लावली, गुलामगिरीवरची, ज्यूंच्या संहारावरची. लोकांनी पैसे जमवून शाळा दुरुस्त केली.

लीसबर्गची डग्लस हायस्कूलही पाहावी. १९४१ मध्ये सुरू झाली. सरकार जागा देईना, म्हणून कृष्णवर्णीय पालकांनी वर्गणी काढून जमीन विकत घेतली होती. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळा आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे ही गोष्ट पाहुण्यांना पटकन भिडते.

अशा घरात राहणाऱ्यांना खिळासुद्धा ठोकता येत नाही म्हणे?

अतिशयोक्ती. आत काय वाटेल ते करा. बाहेरून दिसणारं बदलायचं तर परवानगी: खिडक्या, छप्पर, जोडखोली, कुंपण. मोबदलाही आहे. नोंदलेल्या घराची रीतसर दुरुस्ती केली तर व्हर्जिनिया राज्य खर्चाच्या २५ टक्के करसवलत देतं, स्वतः राहत असलेल्या घरालाही. संघराज्य सरकारची २० टक्के सवलत मात्र उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच.

कटकट असते ती चुन्याची. जुनी वीट मऊ, तिच्या दरजा चुन्याच्या. पाणी आत शिरलं तर चुन्यातून बाहेर पडतं. त्यात कुणी सिमेंट भरलं तर पाणी विटेतच अडकतं, हिवाळ्यात गोठतं, फुगतं, आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं निघून येतं. आपल्याकडे वाड्यांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून ज्यांनी हाच अनुभव घेतलाय, त्यांना जास्त सांगायला नको.

रस्ते कच्चे का? अमेरिकेत डांबर संपलं का?

मुद्दाम ठेवलेत. या काउंटीत अडीचशे मैलांहून जास्त खडीचे रस्ते आहेत, पुष्कळसे घोडागाडीच्या वाटांवरचे. लोक त्यांसाठी भांडतात. २०२० मध्ये बीव्हरडॅम क्रीक भागातल्या अशा रस्त्यांनाच काउंटीनं वारसा म्हणून संरक्षण दिलं. गाडी धुवावी लागते, हे खरं.

एकच दिवस आहे. काय बघावं?

सकाळी लीसबर्ग, कोर्टाच्या चौकात थोडं चालणं. तिथून वॉटरफर्ड: गाडी एका जागी लावा आणि पायी फिरा. दुपारी रूट ९ नं हिल्सबरो, दगडी घरांची एकच गल्ली. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंची आई याच गावाजवळ १८३१ मध्ये जन्मली. वेळ उरला तर ऑल्डीची चार मजली गिरणी, १८०७ ते १८०९ मध्ये बांधलेली, शेजारीशेजारी दोन पाणचाकं असलेली. चाक फिरताना बघायचं असेल तर आधी वेळ विचारून घ्या.

घरांच्या आत जाता येतं का?

नाही. तिथे लोक राहतात. अंगणातही शिरू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

आईबाबांना झेपेल का?

वॉटरफर्डचे रस्ते चढउताराचे आणि फुटपाथ उखडलेले. काठी असेल तर घ्या. खायचं सोबत न्या, पोळीभाजी उत्तम. स्वच्छतागृह लीसबर्गलाच उरकून घ्या.

डेटा सेंटरांमुळे या गावांना धोका आहे का?

हा प्रश्न पाहुण्यांचा नाही, आमचा आहे. आमच्या घरातला पगार त्याच व्यवसायातून येतो. डेटा सेंटरांचा कर काउंटीच्या शाळा चालवतो, आणि त्यांना लागणारी वीज कुठून तरी आणावी लागते. उच्चदाबाच्या तारांचे मनोरे कुणाच्या शेतातून जायचे, यावर पश्चिमेकडे सभा भरतात, पाट्या लागतात. एका सभेला मी गेले होते. मागच्या रांगेत बसले. एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले की मनोरा घराला हात लावणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसत राहील. घरी येऊन मी लॅपटॉप उघडला, चार्जर लावला.